आई-बाबा, तिकिटं काढलीत, आता नाही म्हणू नका

प्रिय आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

फोनवर सांगितलं असतं तर बाबा पहिल्या वाक्यालाच "बघू" म्हणाले असते, आणि बाबांचं बघू म्हणजे काय ते आपल्या घरात सगळ्यांना माहितीय, म्हणून हे सगळं लिहून पाठवतेय. आई, तू चष्मा लावून मोठ्यानं वाच, बाबांना बसून ऐकू दे, मधे टीव्ही लावू नका.

तुमची दोघांची तिकिटं काढलीत. उद्यान एक्सप्रेस, सोलापूर ते बेंगळुरू, जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यातली. एसी डबा, दोन्ही बर्थ खालचे, कन्फर्म. विचारलं नाही हे खरंय, पण आता रेल्वेचं बुकिंग पूर्वीसारखं १२० दिवस आधी नाही, ६० दिवस आधी उघडतं आणि उघडलं की भराभर जातं, तुमच्या होकाराची वाट बघत बसले असते तर वेटिंग लागलं असतं. ६० च्या वरच्या पुरुषांना आणि ४५ च्या वरच्या बायकांना खालच्या बर्थचा वेगळा कोटा असतो, तो मिळाला. पैशाचं विचारू नका. ज्येष्ठांची सवलत मार्च २०२० पासून बंद आहे हे बाबांना पाठ आहे, त्यावर बोलायचं नाही. आणि तारीख बघून घ्या, आपली सिद्धेश्वराची गड्डा यात्रा पूर्ण झाल्यानंतरची आहे. अक्षता सोहळा, होम, शोभेचं दारूकाम, सगळं बघूनच निघायचंय, शेतातली येळवस, म्हणजे वेळ अमावस्याही तोवर झालेली असेल. आई गड्डा सोडून कुठं येणार नाही हे मला माहितीय की.

आता का काढली ते सांगते. बाबा, फेब्रुवारीत तुमच्या शुगरचं जे झालं त्यानंतर तुम्ही कुठं जायचंच सोडलं. वैजूच्या लेकीच्या बारशाला नाही, अक्कलकोटला नाही, का तर तिथं गोड असतं, बाहेरचं खावं लागतं. मान्य, घाबरलो आपण सगळेच घाबरलो होतो. पण डॉक्टरांनी माप सांगितलं होतं, बंदी घातली नव्हती, मी समोर बसले होते. आणि तुमच्याबरोबर आईनंही सोडलं. मागच्या वेळी आले तेव्हा स्वयंपाकघरातल्या मोठ्या डब्यात नुसती मारी बिस्किटं होती. ज्या घरात संक्रांतीला शेंगाच्या पोळ्यांची चळत लागायची, तिथं आई एकटीसाठी काय करणार म्हणून करतच नाही. हे तुम्हाला लागावं म्हणून लिहीत नाही बाबा, तुम्ही मनापासून पथ्य केलंत आणि त्याचा फरक रिपोर्टमध्ये दिसतोय. ती तीन महिन्यांच्या सरासरीची तपासणी असते ना, तिचा आकडा खाली आलाय. म्हणूनच म्हणतेय की आता थोडं मोकळं व्हा.

आणि ती मारी बिस्किटं मैद्याची असतात, त्यात साखरही असते. फिक्कं लागलं म्हणजे पथ्याचं झालं असं नसतं. तसंच शुगर फ्री लिहिलेल्या पुड्याचं, मागं बारीक अक्षरात बघा, मैदा आणि तेल असतंच. त्यापेक्षा आई, घरात कर. सगळं तुलाच येतं, फक्त जरा मापात.

ज्वारीच्या लाह्यांचा चिवडा कर. लाह्या कढईत मंद आचेवर कुरकुरीत भाजून घे, फोडणीला दोन चमचेच तेल, भरपूर कढीपत्ता, लसूण ठेचून, डाळं, मूठभर शेंगदाणे, हळद, तिखट. शेव नको, पिठीसाखर नको, मीठ हाताच्या अंदाजाच्या निम्मं घाल. लाह्यांना मीठ वरून चिकटतं म्हणून कमी घातलं तरी जिभेला पुरेसं लागतं, मी करून बघितलंय. मीठ मी तुझ्यासाठी म्हणतेय, बाबांसाठी नाही. दिवसाला सगळं मिळून ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे सपाट एक चमचा, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, आणि तुझं ताटातलं लोणचं, पापड आणि वरून घेतलेलं मीठ धरलं तर तू दुपारपर्यंतच तिथं पोचतेस. बीपीची गोळी चालू आहे म्हणून लोणचं चालतं असं नाही गं आई.

दुसरं, तीळ आणि शेंगाचे लाडू. गूळ नको. आपल्याकडे सगळे म्हणतात गुळाचं चालतं, शुगरवाल्यांना गुळानं काही होत नाही. होतं. गूळ काय आणि साखर काय, रक्तात गेल्यावर फार फरक नाही. बांधायला थोडा खजूर घाल, पण खजुरातही साखर आहेच, म्हणून लाडू सुपारीएवढा आणि दिवसाला एक. शेंगदाणे पौष्टिक आहेत, १०० ग्रॅमला २५ ग्रॅमच्या आसपास प्रथिनं, पण त्याच १०० ग्रॅमला साडेपाचशेच्या वर कॅलरीही असतात, तेव्हा बाबा, डबा मांडीवर घेऊन बसायचं नाही.

आणि शेंगाची पोळी कर. हो, गुळाचीच कर, तिला दुसरं काही घालून ती होत नाही. छोटी लाट. एक पोळी दोघांत अर्धी अर्धी, आणि त्या जेवणात भाकरी नाही, भात नाही. एवढं सांभाळलं तर बाबांना वर्षाची पोळी मिळेल आणि तुला करायचं समाधान.

गाडी सोलापुरातून दुपारी निघते, सकाळी इकडे पोचते, म्हणजे एकच रात्रीचं जेवण. धपाट्याचं पीठ दह्यात मळ, पाणी लावू नको, ज्वारीत थोडं बेसन, लसूण-मिरची आणि तीळ, थंडीत दुसऱ्या दिवशीपर्यंत मऊ राहतात. पूर्ण गार होऊ दे मगच फडक्यात बांध, गरम भरलेस तर वाफ धरून रात्री वास येतो. शेंगाचटणी उखळात कुटलेली घे, मिक्सरची नको, कुटली की तेल सुटतं आणि ती तशीच चांगली लागते, वर तेल घ्यावं लागत नाही. कडक भाकऱ्या माझ्यासाठी आण. बाबांना गाडीत देऊ नकोस, नवी कवळी आहे, घरी आल्यावर आमटीत कुस्करून देईन. काकडी, दोन डाळिंबं. ज्यूस नको, दाणे खायचे.

रायचूर यायच्या आत जेवून घ्या. बाबा, जेवणाआधीची गोळी डबा उघडून समोर आला की मगच घ्या. गोळी घेतली आणि जेवण लांबलं तर शुगर खाली जाते, घाम येतो, हात थरथरतात. शर्टाच्या खिशात ग्लुकोजची पुडी ठेवा, बॅगेत नाही, खिशात. तसं वाटलं तर तीन चमचे पाण्यातून घ्यायचे, पंधरा मिनिटांनी मशीनवर बघायचं, ७० च्या खाली असेल तर परत. तेव्हा पथ्य आठवायचं नाही. निघायच्या आधी एकदा डॉक्टरांना प्रवासाचं सांगून गोळ्यांच्या वेळा लिहून घ्या, मी त्यांच्याशी बोलून ठेवलंय.

बाबा, एक सांगू? लहानपणी तुम्ही मुक्कामाच्या गाडीवरून परत आलात की मी आणि दादा तुमच्या खाकी पिशवीवर तुटून पडायचो. पंढरपूरहून चुरमुरे-बत्तासे, हंगामात मंगळवेढ्याचा हुरडा, फडक्यात बांधलेला, हाताला अजून कोमट लागेल असं मला वाटायचं. एवढी वर्षं एस.टी.त तिकिटं फाडलीत, सगळा जिल्हा, वर विजापूर-कलबुर्गी, आणि स्वतः मात्र डेपोतल्या बाकावर बसून आईनं दिलेला डबा खाल्लात. कुठल्या गावात काय चांगलं मिळतं ते तुम्हाला तोंडपाठ होतं, आणलंत आमच्यासाठी, खाल्लं कधी नाही. मला ते आता कळतं आणि फार लागतं. या वेळी तुम्ही खिडकीत बसायचं आणि खायचंही.

लेकीकडे राहायचं कसं, हे आईच्या मनात येणार. नको आणू. निखिलनंच आधी विषय काढला होता, त्याच्या आईबाबांना पण माहितीय, ते म्हणाले महिनाभर ठेवून घे. तुमची खोली खालच्या मजल्यावर आहे, संडास कमोडचा, भिंतीला धरायला दांडी लावून घेतलीय, गरम पाणी चोवीस तास. उशी बाबांची पातळवाली आणलीय. आपलीच सोलापुरी चादर आहे, जी तात्यांनी दिली होती ती. बाबांना सहा वाजता बिनसाखरेचा चहा मिळेल, तो निखिल करतो, मी नाही. मराठी बातम्या टीव्हीवर लागतात, बघून घेतलं. ज्वारीचं पीठ इथं सगळीकडे मिळतं, आणि घरापासून जवळ उत्तर कर्नाटकातल्या लोकांची खानावळ आहे, तिथं जोळद रोट्टी म्हणजे आपली ज्वारीची भाकरी, भरलं वांगं, शेंगाचटणी, कडक रोट्टी, सगळं आपल्या घरचंच वाटतं. मालक बागलकोटकडचे आहेत. बाबा, तुमचं कन्नड तिथं कामाला येईल, त्यांच्याशी बोलून तुम्हाला बरं वाटेल. ओवी तर आत्ताच विचारतेय आजोबा कुठल्या बाजूला झोपणार.

दोन दिवस आराम करा, मग सकाळी लवकर एमटीआर हॉटेलात जाऊ, १९२४ साली सुरू झालेलं आहे, लालबागेजवळ. तिथली रवा इडली, म्हणतात महायुद्धात तांदूळ मिळेना तेव्हा त्यांनीच पहिल्यांदा केली. एक बाबांना, एक तुला, सांबार वाटीभर, आणि मग लालबागेत चालायचं, २४० एकरांची बाग आहे, आई थकली की बाकावर बसायचं. कॉफी बिनसाखरेची मागायची, न सांगता दिली तर गोड येते. बाबा, "सक्करे बेडा", साखर नको, हे तुम्हीच सांगा.

मग मैसूर. आई, तुला मैसूर बघायचं होतं, तू ते लग्नानंतर एकदाच बोललीस आणि परत बोलली नाहीस, मला आत्यानं सांगितलं. इथून दीडशे किलोमीटरच्या आसपास, आपल्या गाडीनं, पाहिजे तिथं थांबत जाऊ. जुन्या रस्त्यानं जायचं ठरवलंय, नवीन एक्सप्रेसवे गावं टाळून बाहेरून जातो आणि खायची ठिकाणं गावातच आहेत. बिडदीला तट्टे इडली, ती ताटलीएवढी असते, दोघांत एक पुरते. मद्दूरला वडा, रवा, मैदा आणि कांद्याचा, तळलेला आहे म्हणून अर्धा अर्धा, गाडीतून उतरून गरम खायचा, बांधून घ्यायचा नाही. नंजनगूडची केळी बघा, छोटी असतात, वासच वेगळा. आणि मैसूरपाक. बेसन, तूप, साखर, त्यात पथ्याचं काहीच नाही, खोटं कशाला बोलू. जेवणानंतर एक छोटा तुकडा, त्या जेवणात भात सोडून. रिकाम्या पोटी नाही, चहाबरोबर नाही. उरलेले दिवस आपलं जेवण आपल्या मापात असेल तर एका तुकड्यानं जीव घाबरा करून घेऊ नका. चवीनं खा, हळू खा. नाहीतर घरी येऊन चोरून खाल, तात्या खायचे तसं. ते मला नकोय.

रविवार धरूनच जाणार आहोत, रविवारी संध्याकाळी राजवाड्यावर दिवे लावतात, जवळपास लाखभर. आत चप्पल बाहेर काढावी लागते. बाबा, शुगरवाल्यांनी अनवाणी चालायचं नाही, जाड मोजे घालायचे आणि रात्री पायाचे तळवे आईला दाखवायचे, साधं खरचटलेलं पण. चामुंडीच्या पायऱ्या चढायच्या नाहीत, गाडी वरपर्यंत जाते. देवी पायऱ्या मोजत नाही.

आता कामं. आई, शुगरचं मशीन आणि पट्ट्या हँडबॅगेत, गोळ्या दोन ठिकाणी वाटून, एक बॅग हरवली तरी चालेल अशा. स्वेटर, कानटोपी दोघांची, पहाटे इथं गारठा असतो. बाबा, आधार कार्ड मूळ घ्या, झेरॉक्स नको. दादा स्टेशनवर सोडायला येईल, तास-अर्धा तास आधी निघा, सकाळपासून प्लॅटफॉर्मवर जाऊन बसू नका. साड्या चार पुरे आई, इथं मशीन आहे. आणि माझ्यासाठी पीठं, डाळी, मसाला असं ओझं आणायचं नाही. चटणी आणि कडक भाकरी, बास. फार तर लाह्या.

जीव घाबरला, तब्येतीनं नकोच म्हटलं तर सांगा, मी रद्द करेन, रागावणार नाही. पण नुसतं "कशाला उगाच" असं असेल तर ऐकणार नाही. उद्या रात्री नऊला फोन करते, बाबांनीच उचलायचा.

तुमची,
माई

ता. क. तुळशीला पाणी घालायला शेजारच्या काकूंना सांगून ठेवलंय, दूधवाल्याला आई तू सांग, आणि गॅसचा खटका बंद केल्याचं दादाला दाखवून निघा, म्हणजे वाडी स्टेशनला गाडी थांबल्यावर बाबा फोन करून विचारणार नाहीत.