घरात कापूस, पेटीत लुगडे नाही

गंगाखेड,
मार्गशीर्ष शुद्ध नवमी, शके १९४७

प्रिय मंदा,
सप्रेम नमस्कार.

दिवाळीचा तुझा फराळ मिळाला, त्याची लेखी पोच मी दिली नाही, आणि त्यावरून तू रुसली असशील हे मला इथे बसून कळते. रुसवा नंतर काढू. आज लिहिते आहे ती एका अडचणीसाठी. ती फोनवर सांगितली असती. पण फोनवर तू मध्येच हसायला लागतेस आणि माझे अर्धे बोलणे राहून जाते. गुडघे आहेत तसेच आहेत. डोळ्याचे ऑपरेशन चांगले झाले, सुई ओवता येते. प्रकृतीचे एवढे पुरे.

थोरलीला आठवा लागला आहे. दत्तजयंती झाली की जावई तिला इकडे आणून सोडणार आणि बाळंतपण इथेच होणार, हे विहीणबाईंनी बऱ्याच कुरबुरीनंतर मान्य केले. तेव्हा मी ठरवले की या आठवड्यात घराबाहेर पडायचे नाही. सकाळी धुई ओसरली की ओसरीवर उन्हात सतरंजी टाकायची आणि बाळाची दुपटी व एक लहान वाकळ शिवून मोकळे व्हायचे. दिवसही त्यासाठी सोन्यासारखे आहेत. तूर फुलली आहे, ज्वारी गुडघ्याला लागली आहे, चंपाषष्ठी नुकतीच झाल्यामुळे घरात वांग्याच्या भरिताला उधाण आले आहे, आणि दुपारी तीननंतर ऊन पाठीवर असे येते की कोणी हाक मारू नये असे वाटते. सुई, रीळ, कात्री, गूळ-शेंगांची वाटी, सगळे हाताशी होते. नव्हते ते फक्त कापड.

मंदा, आमच्या घरात आज एकही जुने सुती लुगडे नाही. हे वाक्य मी तुलाच लिहू शकते, कारण दुसऱ्या कोणाला सांगितले तर "मग दुकानातून आणा" असे उत्तर मिळते. आमच्या सूनबाईंनी तेच दिले. पोर गुणाची आहे, मनाला लावून घेतले नाही.

त्यातला विनोद असा की या क्षणी आमच्या मधल्या खोलीत आढ्यापर्यंत कापूस भरलेला आहे. लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव यंदा ८,११० रुपये क्विंटल आहे आणि दारात येणारे व्यापारी त्याच्या बरेच खाली मागतात. खरेदी केंद्रावर न्यावा तर सप्टेंबरच्या पावसात भिजलेल्या बोंडांतला ओलावा आडवा येतो, कारण १२ टक्क्यांच्या वर ओलावा निघाला की माल परत फिरवतात. म्हणून हे म्हणतात, थांबू. आम्ही थांबलो आहोत, आणि कापसातल्या किड्यांनी घरातल्या सगळ्यांना खाजवून हैराण केले आहे. परवा जेवताना मी यांना विचारले की या एका क्विंटलमधून सरकी काढल्यावर रुई किती उरते. ते म्हणाले, चौतीस किलोच्या आसपास. माझ्या अंदाजाने एक नऊवार लुगडे अर्धा किलोच्या आगेमागे भरते. म्हणजे घट धरूनही एका क्विंटलात पन्नासावर लुगडी झोपली आहेत, आणि मला बाळाच्या दुपट्याला दीड वार मिळत नाही. यांनी त्यावर नेहमीप्रमाणे आणखी एक भाकरी मागितली.

मी हार मानली नाही. सगळी कपाटे आणि सासूबाईंची लोखंडी पेटी उपसली. प्रत्येक साडीच्या कडेचा एकेक धागा काढून तो दिव्यावर धरायचा, ही मोठ्या आईची परीक्षा तुला आठवत असेल. सूत असेल तर कागदासारखे जळते आणि मऊ राख होते. बनावट धागा असेल तर आक्रसतो आणि टोकाला कडक मणी धरतो. मंदा, मणीच मणी झाले! शुद्ध कॉटन म्हणून मी स्वतः गौरीला घेतलेली, दुकानदाराने शपथेवर दिलेली साडीसुद्धा मणी धरून बसली. सूनबाईंनी दोनदा येऊन नाक मुरडले आणि तिसऱ्यांदा पाण्याची बादली आणून शेजारी ठेवली.

तू म्हणशील, एवढे काय अडले, घाल त्याच साड्या. तुला कारणे माहीत आहेत, तरी लिहिते, कारण विहीणबाईंसमोर मला ती पाठ म्हणावी लागणार आहेत. बनावट कापड पाणी पीत नाही. बाळाने ओले केले की ओल तशीच अंगाखाली राहते. थरावर थर घातले तर ते एकमेकांवरून सरकतात, टाका बसत नाही, दोन धुण्यांत वाकळीच्या पोटात गोळे होतात. आणि सगळ्यात मोठे कारण शेगडीचे. न्हाऊ घातल्यावर ओवा-बाळंतशेपांची धुरी द्यायची, शेक द्यायचा, त्या निखाऱ्यांजवळ असले कापड आणण्याची माझी छाती नाही. सुताला ठिणगी लागली तर भोक पडते. हे कापड वितळते आणि कातडीला चिकटते.

नव्या कापडाचाही प्रयोग करून झाला. मांजरपाट आणला, रात्रभर भिजवला, खळ जावी म्हणून दगडावर आपटला, उन्हात वाळवला आणि पुन्हा तेच केले. अजून तो गालाला लावला तर लाल वण उठेल इतका राठ आहे. लुगड्याला मऊपणा बाईच्या अंगावर वर्षानुवर्षे नेसून आणि धुऊन येतो, तो मला मार्गशीर्षाच्या आठवड्यात कुठून आणता येणार? पूर्वी अशा वेळी आजोबांचे धोतर कामाला येई. आमच्या घरात आता धोतर नेसणारे कोणी राहिले नाही. मारुतीच्या पारावर धोतरवाले तीन म्हातारे रोज ऊन खात बसतात आणि मी देवळात जाताना त्यांच्या धोतरांकडे अशा नजरेने पाहते की लोक काय समजत असतील देव जाणे.

शेवटी जे कधी करणार नव्हते ते केले. सासूबाईंची मोठी वाकळ उसवली. वरचा थर तर मीच लग्नानंतर दोन वर्षांनी चढवला होता. तो काढल्यावर खाली त्यांचा थर निघाला, त्याच्या खाली त्यांच्या सासूबाईंची अख्खी जुनी वाकळ निघाली, ठिगळांसह, कडेकडेने सुरू करून चौकोनात आत आत गेलेल्या टाक्यांसह. त्या म्हातारीला मी पाहिलेले नाही; पण टाके इतके बारीक की तुझी मान लाजेने खाली गेली असती. (मोठी आई तुझ्या टाक्यांना "बैलाची पावले" म्हणायची आणि उसवायला लावायची, आणि तू माझ्या टाक्यांकडे बोट दाखवून "हिचे का नाही?" म्हणून भोकाड पसरायचीस. माझे चांगले होते म्हणून, मंदा. अजूनही आहेत.) आतली इरकल रंगाने तशीच हिरवीगार होती. मला वाटले, मिळाले. हातात धरून जरा ताणली आणि ती विरली. नुसती बोटांतून गेली. इतक्या थरांखाली रंग टिकला, सूत टिकले नाही. ओढूनताणून एका दुपट्याचा मधला थर निघाला. वरचा आणि खालचा, जे बाळाच्या अंगाला लागायचे, ते दोन्ही थर बाकीच आहेत.

मधल्या काळात विहीणबाईंचा निरोप आला की जुन्यापान्या चिंध्यांत बाळाला गुंडाळायचे नाही, जंतू असतात, त्यांनी दुकानातून मऊ ब्लँकेट घेऊन ठेवले आहे. मी ते ब्लँकेट फोनवर पाहिले. त्यावर अस्वले आहेत. त्याचा धागा दिव्यावर धरून पाहायची मला फार इच्छा आहे. जंतूंचे म्हणाल तर सुती कापड उकळत्या पाण्यातून काढता येते, कडक उन्हात टाकता येते. त्या अस्वलांना उकळून दाखवा म्हणावे. आपल्या गंगाखेडच्या जनाबाईकडे प्रत्यक्ष विठोबा रात्री आला आणि पहाटे घाईत स्वतःचा शेला विसरून तिची वाकळ पांघरून गेला, असे इथे लहान पोरसुद्धा सांगते. देवाला जी चालली ती पुण्याच्या नातवाला चालत नाही. हे मी थोरलीला बोलले, तेव्हा ती म्हणाली, "आई, तू शिव, मी बघते." तिचा स्वर तिच्या आजीसारखा झाला आहे, त्यामुळे मला थोडी आशा आहे.

आता मुद्द्यावर येते, आणि तो मुद्दा म्हणजे बोहारीण. उडी मारून उठू नकोस. तुझी आई गेल्यानंतर त्यांची लुगडी तू बोहारणीला घातलीस आणि त्या बदल्यात झाकणाचा स्टीलचा डबा, दोन पातेली आणि एक चिमटा घेतलास, याबद्दल आपण जे बोललो ते बोललो. त्या लुगड्यांना नांदेडच्या तुमच्या घराचा वास होता, खाली उस्मानशाही मिलचा भोंगा वाजला की काकू पदर खोचून चहा टाकायला उठायच्या, ते सगळे त्यात होते. तू म्हणालीस, मेलेल्या माणसाची लुगडी घरात ठेवून रडत बसायचे का. मी म्हणाले, रडू नको, शिव. त्यानंतर वर्षभर आपण एकमेकींच्या दारात गेलो नाही आणि तुझ्या भाचीच्या लग्नात आपण एकाच पंगतीत पाठ फिरवून जेवलो. माझे मत आजही तेच आहे. चिमट्याला तर अजिबातच माफी नाही.

पण मला हेही ठाऊक आहे की गल्लीच्या तोंडाशी गाठून मी बोहारणीच्या बोचक्यातून एक लुगडे ओढून आणले होते. जांभळे, रुंद काठाचे, काकू एकादशीला नेसायच्या ते. तू ते माझ्या हातातून घेतलेस, कपाटात टाकलेस आणि "हे माझे आहे" म्हणालीस. ते तू नंतर कुणाला दिलेले नाहीस. मागच्या वर्षी तुझ्या कपाटात नॅप्थलिनच्या गोळ्या शोधताना मी ते पाहिले. तळहात फिरवूनही पाहिला. सूत अजून जिवंत आहे, दाट आहे, कुठेही विरलेले नाही.

ते मला दे. सगळे नको. पदर तू ठेव, पदराकडचे दोन वारही ठेव, दोन्ही काठ मी हलक्या हाताने उसवून तुला परत करीन. मला फक्त मधले अंग हवे. नऊ वारांत ते सहज निघते, त्यात दोन दुपटी होतील आणि लहान वाकळीचा वरचा थर होईल. कापायला मन होत नसेल तर कात्री मी लावीन, तू त्या वेळी स्वयंपाकघरात जाऊन बस. थोरलीला काकूंनी न्हाऊ घातले होते, हे तुला मी लिहून सांगायची गरज नाही.

तुझे विचारायचे राहिलेच. तुझ्या यांच्या शुगरचे काय झाले? धाकट्याची बदली संभाजीनगरला झाली असे ऐकले, बरे झाले, जवळ आला. तुमच्या इमारतीची लिफ्ट सुरू झाली का? नसेल तर तू चार जिने चढू नकोस, भाजी दोरीने वर ओढ.

आणि वेळ अमावास्येला इकडे ये. सूनबाई लातूरकडची असल्यामुळे आमच्या शेतात आता कडब्याची कोप होते, आंबील असते, भज्जी असते, उंडे असतात. थोरली तोवर आलेली असेल. दोन दिवस आधी ये, म्हणजे आपण ओसरीवर समोरासमोर बसून एकाच दुपट्याला दोन बाजूंनी सुरुवात करू. तुझ्या बाजूचे टाके मी उसवणार नाही, शब्द देते. येणे जमत नसेल तर लुगडे नांदेडहून येणाऱ्या कोणा ओळखीच्या माणसाबरोबर पाठव, बसच्या ड्रायव्हरच्या हाती नको. काहीही असो, उत्तर या आठ दिवसांत दे. नकार असेल तर तोही कागदावर लिहून दे, फोनवर हसून नको.

तुझी,
शालू

ता. क. दिवाळीचा फराळ तू ज्या झाकणाच्या डब्यातून पाठवलास तो तोच डबा आहे, मी ओळखला. लुगडे पोहोचेपर्यंत तो इथेच राहील.