सुटलेलं अस्तर

चि. मधुरास अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू सांगितलंस की प्रबंधाचा विषय पक्का झाला, जबड्यातल्या सिस्ट (पिशवीसारख्या गाठी) आणि ट्यूमरमधलं ई-कॅडहेरिन हे प्रथिन. मी नुसतं ‘छान’ म्हणालो आणि फोन आईकडे दिला. खरं तर मला खूप बोलायचं होतं. तीस वर्षं मी हेच ब्लॉक, म्हणजे मेणात बसवलेले गाठींचे तुकडे, कापत आलोय.

नोकरीच्या दुसऱ्या वर्षी खालच्या जबड्यातली एक सिस्ट आली. अक्कलदाढेच्या मागची, आत पांढरा, दह्याच्या चोथ्यासारखा ऐवज. चार मायक्रॉनचे सेक्शन (पातळ काप) घेतले, वॉटर बाथवर त्यांची रिबन सोडली, रंगवून पाहिलं तर सिस्टचं आतलं अस्तर खालच्या ऊतकापासून सुटून पट्टीसारखं वेगळं पडलेलं. पातं बोथट झालं असेल म्हणून नवं लावलं. तेच. ब्लॉक वितळवून परत बसवला. पुन्हा तेच. घाबरत सरांकडे गेलो. त्यांनी मला भिंगाशी बसवलं आणि दाखवलं: पाच ते आठ पेशींची जाडी, वर लाटा आल्यासारखं केराटिन, तळाच्या पेशी खांबांसारख्या ओळीत उभ्या, आणि त्यांच्याखालचा सांधा अगदी सपाट. म्हणाले, ‘हात चुकला नाही तुझा. हा केराटोसिस्ट. याचं अस्तर असंच सुटतं.’ अशी पातळ भिंत शस्त्रक्रियेत फाटते, तुकडा आत राहतो, भिंतीत बारक्या पिल्लू-सिस्टही असतात, म्हणून हा आजार परत परत येतो, हे मला त्या दिवशी कळलं.

हे सगळं तुझ्या विषयासाठी सांगतोय. ई-कॅडहेरिन पेशीला शेजारच्या पेशीशी बांधतं, आणि त्यासाठी त्याला कॅल्शियम लागतं. क्योतोच्या मासातोशी ताकेइची यांनी 1980 च्या दशकात त्याला नाव दिलं, त्यातलं ‘कॅ’ कॅल्शियमचंच. पण पेशी तळपटलाला, म्हणजे तिच्याखालच्या पातळ थराला, चिकटते ती इंटेग्रिन प्रथिनं आणि हेमिडेस्मोसोम नावाच्या जोडांमुळे. त्या स्लाइडमध्ये अस्तर एकसंध पट्टी होऊन निघालं होतं. शेजाऱ्यांनी एकमेकांचे हात सोडले नव्हते, पायाखालची जमीन सुटली होती. म्हणून केराटोसिस्टमध्ये ई-कॅडहेरिन रंगवल्यावर छान तपकिरी दिसलं तर प्रयोग फसला असं समजू नकोस. आणि तो रंग दिसला म्हणून आजार सौम्य, असंही लिहू नकोस. जागतिक आरोग्य संघटनेने याच गाठीला 2005 मध्ये ट्यूमर ठरवलं आणि 2017 मध्ये परत सिस्ट म्हटलं. एका प्रथिनाच्या रंगाने सुटणारं हे कोडं नाही.

अमेलोब्लास्टोमाचं, म्हणजे दात घडवणाऱ्या पेशींसारख्या पेशींच्या ट्यूमरचं, वेगळं. बेटांच्या कडेला उभ्या पेशी, केंद्रकं तळापासून वर सरकलेली, आत चांदण्यांसारख्या सैल पेशी. या आतल्या पेशींत रंग फिका पडल्याचं बऱ्याच अभ्यासांत आलंय, आणि ‘पकड सुटली म्हणून आक्रमक’ असं लिहायचा मोह होतो. पण दात घडताना इनॅमल ऑर्गनमध्येही (दाताचं इनॅमल बनवणाऱ्या भागात) पेशी अशाच सैल, चांदणीसारख्या असतात, आणि तिथे काहीच बिघडलेलं नसतं. विभागात दाताच्या कळीचा जुना ब्लॉक असेल तर मागून घे आणि तुलनेला शेजारी ठेव. माझ्या मते त्याच्याशिवाय तुझा निष्कर्ष लंगडा राहील.

रंग किती आला याच्याइतकंच तो कुठे आला हे नोंद. पेशीच्या पडद्यावर रेघेसारखा की पेशीत पसरलेला? बीटा-कॅटेनिन हे प्रथिन जोडीला घेतलंस तर हे फारच महत्त्वाचं. पडद्यावर ते कॅडहेरिनची शेपटी धरून असतं, केंद्रकात गेलं की तेच जनुकं जागी करतं. कॅल्सिफाइंग सिस्टमध्ये ते केंद्रकात दिसतं.

आता माझ्या टेबलाचं. हाड असलेले नमुने कडक आम्लात मऊ केले असतील तर अँटिजेन, म्हणजे जे प्रथिन रंगवायचं तेच, मरतो, मग रंग येत नाही आणि दोष गाठीवर जातो. नोंदवहीत बघ, ईडीटीए या सौम्य द्रवात मऊ केलेले ब्लॉक आधी निवड. प्रत्येक खेपेत निरोगी हिरडीचा एक सेक्शन लाव. तिथे पेशींभोवती स्वच्छ तपकिरी जाळी दिसली नाही तर त्या दिवसाच्या सगळ्या स्लाइड बाजूला ठेव, कितीही जीवावर आलं तरी. सुजलेल्या सिस्टचे ब्लॉक वेगळे मोज. सूज आली की केराटोसिस्टचं अस्तर आपली ओळखच हरवतं, साध्या सिस्टसारखं दिसू लागतं.

ज्याच्या तोंडातून तो तुकडा आलाय त्याची गाठ खरवडायची की जबडाच कापायचा, हे तुमच्या दोन ओळींच्या रिपोर्टवर ठरतं. मी त्यांचे चेहरे कधी पाहिले नाहीत, पण ब्लॉकवरचा नंबर लिहिताना वय नेहमी वाचायचो. पुष्कळदा ते तुझ्याच वयाचे असायचे.

पहिल्या खेपेच्या स्लाइड झाल्या की फोन कर, रात्र असली तरी चालेल. आणि अस्तर सुटलेलं दिसलं तर आधी पातं बदल. मग सावकाश बस आणि बघ.

तुझे,
बाबा