रविवारी सायकलने घरी येतेय

ती. आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

काकूने माझा फोटो दाखवल्यापासून आई फोनवर नुसतं हं-हं करतेय आणि बाबा तर फोन हातात घेतच नाहीत. चूक माझीच आहे. पाच महिने मी सायकल चालवतेय आणि तुम्हाला ते दुसऱ्याकडून कळलं. काळजीने आई रात्र-रात्र जागी राहील, म्हणून माझी जीभ रेटली नाही.

आता जे सांगतेय ते शांतपणे वाचा. येत्या रविवारी आम्ही नऊ जण पुण्याहून सायकलने वाईला येतोय. ठरलंय. नव्वदेक किलोमीटर आहे. पहाटे ५ ला निघायचं, जुना कात्रज घाट, शिरवळला चहा, मग खंबाटकी घाट आणि सुरूर फाट्यावरून आत. ११ पर्यंत घरी. परत जाताना सायकली टेम्पोत टाकणार आहोत, त्यामुळे अंधारात हायवेवर असण्याचा प्रश्नच नाही.

एकटी येणार असते तर तुमची भीती मीही मानली असती. पण ग्रुपने रांगेत सायकल चालवणं वेगळं असतं आणि ते मला शिकावं लागलं. पुढच्याच्या मागे हातभर अंतरावर राहिलं की वारा तो अंगावर घेतो, आपले साधारण पाव हिस्सा कष्ट वाचतात. म्हणून पुढे राहायची पाळी सगळ्यांनी घ्यायची. पण इतक्या जवळून मागच्याला रस्ता दिसत नाही, त्याचे डोळे म्हणजे पुढचा माणूस. खड्डा आला की त्या बाजूच्या हाताने खाली बोट दाखवायचं. डावीकडे ट्रक उभा असेल तर डावा हात पाठीमागे नेऊन उजवीकडे सरकायची खूण करायची. मागून वाहन आलं की शेवटचा ओरडतो, 'गाडी!', आणि ती हाक एकेकाच्या तोंडून पुढपर्यंत जाते. अचानक ब्रेक दाबायचा नाही, रेघ सोडायची नाही. पाणी प्यायचं तर रांगेच्या शेवटी जाऊन. कानात गाणी तर कुणीच लावत नाही.

बाबा, मार्चमध्ये माझं कोपर सोललं होतं ना, ते बाथरूममध्ये घसरून नव्हतं. मी खोटं बोलले. माझं पुढचं चाक पुढच्याच्या मागच्या चाकाशेजारी गेलं होतं. त्याने खडी चुकवायला सायकल जरा डावीकडे घेतली, चाकाला चाक घासलं आणि मी आडवी. त्याला काहीच झालं नाही. अशा वेळी मागचाच पडतो. माझ्या मागची मुलगी जेमतेम सावरली. मला स्वतःच्या कोपरापेक्षा तिचा पांढराफटक चेहरा जास्त लागला. त्यानंतर ग्रुपमधल्या साठीच्या एका काकांनी मला चार रविवार आपल्या मागे ठेवलं. 'चाकाकडे बघू नकोस, माझ्या खांद्यांकडे बघ,' म्हणायचे. चढावर कुणी पेडलवर उभं राहिलं की त्याची सायकल क्षणभर मागे येते, हे त्यांनी दाखवलं तेव्हा कळलं. आता मी उभी राहण्याआधी सांगते.

गणपती घाटावर तुम्ही कॅरियर धरून मागे पळायचात आणि मी ओरडायचे, 'सोडू नका हं बाबा!' तुम्ही केव्हाच सोडलेलं असायचं, पण 'धरलंय, धरलंय' म्हणत पळत मात्र राहायचात. मागून 'गाडी!' ऐकू आलं की मला दर वेळी तोच आवाज आठवतो.

खंबाटकीत रांग मोडते, ज्याने त्याने आपल्या दमाने, डाव्या कडेने चढायचं. उतारावर भरपूर अंतर ठेवून. शेवटी एक अनुभवी माणूस राहतो, तो कुणालाच मागे टाकून येत नाही. पंक्चर झालं तर सगळे थांबतात. हेल्मेट, पुढचा-मागचा दिवा, अंगात चमकणारं जाकीट, सगळं आहे. आणि आई, निघायच्या आधी मी केळं आणि भिजवलेले बदाम खाते, उपाशी निघत नाही. शिरवळहून फोन करेन, घाट उतरल्यावर पुन्हा करेन. मधे फोन लागला नाही तर घाबरायचं नाही. चालवताना आम्ही उचलत नाही.

तुम्ही दोघांनी सुरूर फाट्यावर येऊन उन्हात उभं राहायचं नाही. बाबांची बीपीची गोळी रविवारीही ८ लाच, मी येईपर्यंत थांबवायची नाही. आईने नऊ जणांचा स्वयंपाक काढायचा नाही. गुडघा काय म्हणतोय ते मला माहीत आहे. पिठलं-भाकरी पुरे, भाकऱ्या शेजारच्या काकूंकडून करून घे. ताक मात्र तूच कर.

अजूनही तुमचं मन मानत नसेल तर मला रागवा, पण फोनवर या बाबा. तुमचा आवाज न ऐकता निघायचं म्हणजे मला जड जाईल.

आणि तुमच्या जुन्या सायकलची घंटा माळ्यावर आहे ना? माझ्या हँडलला घंटा नाही, ती मला हवीय. पण स्वतः शिडीवर चढायचं नाही. मी आल्यावर काढेन.

तुमची,
मनू