वहीला खाकी कव्हर घालणाऱ्या वकील मॅडमना

मॅडम, नमस्कार.

नाव टाकत नाही. तुम्हीच बजावलंय, वकिलाला जाहिरातीला बंदी, बार कौन्सिलचा नियम ३६, आणि तू कितीही मनापासून लिहिलंस तरी लोक म्हणणार बाईंनीच लिहून घेतलं. बरं, नाही टाकत. पण पैसे जमा झाल्याचा मेसेज येऊन तीन आठवडे झाले तरी आण्णा, माझे वडील, रोज मला पुण्याला फोन लावून विचारतात, ते पैसे परत तर नाही ना घेणार ते, आणि मी हसून नाही म्हणतो आणि फोन ठेवल्यावर बराच वेळ नुसता बसून राहतो, म्हणून हे लिहितोय.

बाकीच्यांना कळावं म्हणून थोडक्यात सांगतो. आण्णा सातवी पास, छोटे ठेकेदार, बी-१ या सरकारी टेंडरवर लातूरकडचे खेड्यापाड्यातले रस्ते करायचे. साल २०१६. एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी येत होतं, आणि त्याच वर्षी सप्टेंबरात असा पाऊस झाला की आमच्या अर्धवट रस्त्याचा भराव आणि दोन मोऱ्या वाहून गेल्या. खात्याचे साहेब साइटवर आले, पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, म्हणाले, "करून टाका, रस्ता बंद ठेवता येत नाही, एक्स्ट्रा आयटममध्ये घेऊ नंतर." म्हणजे करारात नसलेलं जादा काम म्हणून बिलात धरू. करून टाका, नंतर बघू! महाराष्ट्रातल्या कुठल्याही ठेकेदाराला झोपेतून उठवून विचारा, हे वाक्य त्यानं ऐकलेलं असतंच. आण्णांनी करून टाकलं. मोठे पाईप टाकले, दगडाचं पिचिंग केलं, एसटी सुरू झाली. मग साहेबांची बदली झाली आणि नवे साहेब म्हणाले, लेखी आदेश दाखवा.

तेवीस लाख अडकले. ट्रॅक्टर विकला, आईच्या पाटल्या गेल्या, सिमेंटवाल्याच्या दुकानासमोरून जायचं टाळायला आण्णा मागच्या गल्लीनं घरी यायचे.

तुमच्याआधी दोन वकील झाले. पहिल्यानं फाईल उघडायच्या आधीच विचारलं, मंत्रालयात कोणी ओळखीचं आहे का? अहो, असतं तर तुमच्याकडे कशाला आलो असतो. दुसऱ्यानं फाईल चौदा महिने ठेवून घेतली, दर भेटीला म्हणायचा की सरकारशी भांडून पुढची कामं मिळतील का ठेकेदार, विचार करा, आणि शेवटी फाईल परत मागायला गेलो तर आण्णांची साइटची वही त्याच्या टेबलाखाली, पुठ्ठा निघालेला, वर चहाच्या ग्लासाची गोल खूण. आण्णा काहीच बोलले नाहीत, शर्टाच्या बाहीनं ती खूण पुसत राहिले. ती पुसली जाणार नव्हती.

तुमच्याकडे आलो तेव्हा दावा लावायच्या मुदतीचे तीन आठवडे उरले होते. तुम्ही त्याच संध्याकाळी सरकारला कलम ८० ची, दाव्याआधी द्यावी लागते ती नोटीस डिक्टेट केलीत आणि म्हणालात घाबरू नका, नोटिशीचे दोन महिने मुदतीत धरत नाहीत. एवढी साधी गोष्ट आधीच्या दोघांनी आम्हाला सांगितली नव्हती. पुढचं सगळं, मध्यस्थीचा तो सोपस्कार जिथं समोरून कोणी आलंच नाही, कोविड, तारखा, सरकारचं अपील, ते सगळं लिहायला बसलो तर हे पत्रही तेवढीच वर्षं घेईल.

मला लिहायचंय ते वहीबद्दल. तुम्ही म्हणालात, ही आज माझ्याकडे राहू द्या. आण्णांचा चेहराच उतरला, कारण वही ठेवून घेतली की काय होतं ते आम्ही बघितलं होतं. दुसऱ्या दिवशी अकराला आलो तर वही टेबलावर, नीट शिवलेली आणि तिला खाकी कव्हर. जूनमध्ये शाळा सुरू होताना आई घालायची तसं, कोपरे आत दुमडून. वर पांढरं लेबल, त्यावर तुमच्या अक्षरात 'श्री.' लावून आण्णांचं पूर्ण नाव आणि खाली 'कामाची वही, २०१५-१६'. आण्णांच्या नावामागे श्री कोणी लावत नाही हो, ऑफिसात शिपाईसुद्धा ए ठेकेदार म्हणतो. आणि तुम्ही नुसतं कव्हर घातलं नव्हतं, रात्रीत अख्खी वाचली होती, कारण पहिलाच प्रश्न विचारलात, "सप्टेंबरात एका पानावर नुसतं 'मुकादम रडला' लिहिलंय, काय झालं होतं?" आण्णा मग दीड तास बोलले. तीन वर्षांत त्यांना हे कोणी विचारलंच नव्हतं, घरी आम्हीसुद्धा नाही.

त्या दिवशीच तुम्ही त्यांना आरामबागची गोष्ट सांगितलीत. १९४४ साली बंगालात आरामबागला बी. के. मंडल अँड सन्स या ठेकेदारांनी अधिकाऱ्याच्या सांगण्यावरून सरकारी खात्याला कच्चा रस्ता, स्वयंपाकघर, कारकुनांची खोली असं बांधून दिलं, रीतसर करार नव्हता, पैसे मिळाले नाहीत, आणि डिसेंबर १९६१ मध्ये सुप्रीम कोर्ट म्हणालं की काम फुकट करायचं नव्हतं आणि तुम्ही ते वापरलंत तर मोबदला द्या, कॉन्ट्रॅक्ट अ‍ॅक्टचं कलम ७०. कायदा १८७२ चा! आण्णांना कलम कधीच पाठ झालं नाही पण पारावर कोणीही केसचं विचारलं की ते सांगायचे, बंगालात एका स्वयंपाकघराचे पैसे मिळालेत, आपली तर मोरी आहे.

साक्षीच्या दिवशी ते ती वही छातीशी धरून उभे होते. सरकारी वकिलांनी सुचवलं की पावसाच्या नोंदी मागाहून लिहिल्यात. आण्णा म्हणाले, "साहेब, मी पाऊस लिहिला, पाडला नाही." जजसाहेबसुद्धा हसले. तुम्ही मात्र हसला नाहीत, माहितीच्या अधिकारात काढलेला महसूल मंडळाचा पर्जन्यमापकाचा तक्ता पुढे ठेवलात, वहीशी तारीख न तारीख जुळणारा.

तुम्ही स्वतः आधी नऊ वर्षं सरकारी वकील होतात हे मला खूप उशिरा कळलं. म्हणजे आमच्यासारख्यांच्या विरोधात उभ्या राहायचात. मी जरा बिचकत विचारलं तर म्हणालात, एमबी, म्हणजे खात्याची मोजमापांची वही, वाचायला मी तिथंच शिकले, खाडाखोड कुठं असते, चेक मेजरमेंटची, म्हणजे फेरमोजणीची, सही कुठं नसते, आणि तारखेला खात्याकडून माहिती न येता नुसता एक कारकून फाईल घेऊन आला की सरकारी वकिलाचे काय हाल होतात तेही. त्यामुळं तुम्ही समोरच्या वकिलाचा कधी अपमान केला नाहीत. मला तेव्हा राग यायचा, थोडं ओरडायला काय जातं या बाईंचं, असं वाटायचं. पण ते बदली झालेले, आता रिटायर झालेले साहेब कोर्टात येऊन "हो, मीच करायला सांगितलं होतं" म्हणाले, ते तुमच्या या वागण्यामुळंच. तुम्ही त्यांच्या घरी जाऊन चहा घेऊन एवढंच म्हणाला होतात की खरं असेल ते सांगा. त्या माणसालाही नमस्कार. उशिरा का होईना, आला. अशी माणसं असतात अजून, आपल्याला फक्त फाईल दाबणारेच दिसत राहतात.

२०२५ च्या जुलैमध्ये सांगली जिल्ह्यातल्या एका तरुण ठेकेदाराची बातमी आली, जलजीवन या सरकारी पाणी योजनेची बिलं थकल्यानं जीव दिला अशी. आण्णांनी पेपर उलटा ठेवला आणि दिवसभर बोलले नाहीत. आमच्या घरात ती बातमी झाली नाही, मॅडम. यावर जास्त लिहिता येत नाही मला.

आणि हो, फी तुम्ही घेतलीत, पूर्ण घेतलीत, दर वेळी पावती दिलीत. हे मुद्दाम लिहितोय कारण लोकांना वाटतं चांगला वकील म्हणजे फुकट लढणारा.

आता तुम्ही नवीन दावे घेणार नाही म्हणे, पंचवीस वर्षं झाली, गुडघे जिना चढू देत नाहीत. आण्णांना सांगितलं तर म्हणाले, मग त्यांच्या खोलीतली ती कपाटभर वह्या-कागदं कोण बघणार? गुरुवारी आम्ही दोघं येतोय. पेढे चालत नाहीत, डायबेटिस, माहितीय. घरची तूरडाळ आणतोय, पाच किलो, आईनं निवडून ठेवलीय. याची पावती मात्र देऊ नका.