पॅनेलच्या मागचा बोल्ट कोण पाहणार?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गुजरातेत कुठेही भूकंपाचा धक्का बसला की दुसऱ्या दिवशी बडोद्याच्या घरांत एक प्रश्न हमखास निघतो : दक्षिण गुजरातेतल्या काकरापार अणुऊर्जा प्रकल्पाचे काय? इथून हवाई अंतर साधारण १२० किलोमीटर, तेव्हा प्रश्न रास्तच आहे. उत्तर मात्र बहुतेक वेळा 'सात रिश्टरपर्यंत धोका नाही' अशा थाटाचे मिळते. ते देणाऱ्याचा हेतू कितीही चांगला असला तरी त्या वाक्याला तांत्रिक अर्थ नाही. अणुऊर्जा प्रकल्पाच्या भूकंपरोधक क्षमतेचे फेरमूल्यांकन म्हणजे नेमके काय, त्यात खोट कुठे राहते आणि नागरिकांनी कोणता आकडा मागावा, हे वाचकांपुढे यावे म्हणून हे पत्र.

रिश्टरचा आकडा भूगर्भात किती ऊर्जा मोकळी झाली ते सांगतो. प्रकल्पाच्या पायाखालची जमीन किती जोराने हलली ते त्यावरून कळत नाही. ते अंतरावर, खोलीवर आणि खाली खडक आहे की गाळ यावर ठरते. अभियंते हिशेब करतात तो जमिनीच्या त्वरणाचा, म्हणजे गुरुत्वत्वरणाच्या किती पट हिसका बसला याचा. हे माप 'जी'मध्ये सांगतात. २६ जानेवारी २००१ चा भूकंप आठवा. कच्छमधले केंद्र अहमदाबादपासून सव्वादोनशे किलोमीटरहून दूर होते आणि अहमदाबादेत नोंदले गेलेले कमाल त्वरण सुमारे ०.११ जी, म्हणजे वजनाच्या नवव्या हिश्श्याएवढा आडवा धक्का. तेवढ्यात पार्किंगसाठी खालचा मजला नुसत्या खांबांवर मोकळा सोडलेल्या कितीतरी बहुमजली इमारती बसल्या.

केंद्रापासून सुमारे ४०० किलोमीटरवरच्या काकरापारच्या अणुभट्ट्या त्या दिवशी चालूच राहिल्या. यावरून 'परीक्षा झाली, प्रकल्प पास झाला' असे सांगितले जाते, ते आम्हाला मान्य नाही. एवढ्या लांबून काकरापारच्या खडकापर्यंत पोचलेला धक्का संकल्पनातल्या, म्हणजे डिझाइनमध्ये धरलेल्या, धक्क्याच्या जवळपासही जात नाही. काकरापारने काळजी करायची ती नर्मदा-सोन भ्रंशपट्ट्याची, म्हणजे नर्मदा आणि सोन नद्यांच्या बाजूने भूगर्भात गेलेल्या भेगांच्या पट्ट्याची. २३ मार्च १९७० रोजी भरूचला ५.४ तीव्रतेचा भूकंप याच पट्ट्यात झाला आणि भरूच काकरापारपासून साठेक किलोमीटरवर आहे. २२ मे १९९७ चा जबलपूरचा ५.८ तीव्रतेचा भूकंपही याच पट्ट्यातला. जवळचा मध्यम भूकंप आणि लांबचा मोठा भूकंप यांचे हिसके वेगळ्या जातीचे असतात, आणि फेरमूल्यांकनात दोन्ही तपासावे लागतात.

वेगळ्या जातीचे म्हणजे काय? आपल्याकडे दिवाणखान्यात कड्यांचा झोपाळा असतो. दोन मीटरच्या कड्या असतील तर त्याची एक फेरी पावणेतीन-तीन सेकंदांची. त्या लयीत बोटाने ढकलले तरी तो वाढत जातो. सेकंदाला दहा वेळा हलवला तर नुसता थरथरतो. प्रत्येक वस्तूला अशी स्वतःची लय असते. दहा मजली इमारतीची साधारण एक सेकंदाची. रिले, म्हणजे विजेवर चालणारे आपोआप खटके, बसवलेल्या लोखंडी पॅनेलची सेकंदाला पाच ते पंधरा हेलकावे. म्हणून धक्का एका आकड्यात मावत नाही. कोणत्या लयीच्या वस्तूला किती हिसका बसेल, याचा पूर्ण आलेख लागतो. त्याला स्पेक्ट्रम म्हणतात. शिवाय इमारत स्वतः हलते, तेव्हा वरच्या मजल्यावरच्या पॅनेलला जमिनीच्या दुप्पट-तिप्पट हिसका बसू शकतो. प्रत्येक मजल्याचा स्पेक्ट्रम वेगळा काढावा लागतो तो यासाठी.

आपल्याकडे अणुऊर्जा नियामक मंडळाच्या पद्धतीत दोन पातळ्या असतात. एस-१ म्हणजे प्रकल्पाच्या आयुष्यात येऊ शकेल असा धक्का, ज्यात काम चालू राहावे. एस-२ म्हणजे साधारण दहा हजार वर्षांतून एकदा अपेक्षित असलेला धक्का, ज्यात भट्टी सुरक्षित बंद व्हावी, थंड राहावी आणि किरणोत्सर्ग आत कोंडलेला राहावा. जागेचा अभ्यास ३०० किलोमीटर त्रिज्येचा करतात, जवळच्या भ्रंशांचा त्याहून बारीक. हे सारे प्रकल्प बांधण्यापूर्वीचे. पण भ्रंशांविषयीचे ज्ञान वाढते, संहिता बदलतात, आणि जुन्या प्रकल्पांचे संकल्पन 'वजनाच्या अमुक टक्के आडवा भार' अशा ठोकळ रीतीने झालेले असते. म्हणून दर दहा वर्षांच्या सर्वंकष सुरक्षा आढाव्यात हा हिशेब पुन्हा उघडावा लागतो.

फेरमूल्यांकन म्हणजे नव्याने संकल्पन करणे नव्हे. आहे ते बांधकाम आणखी किती सहन करील, हे शोधणे. आधी एस-२ पेक्षा वरचा, बहुधा दीडपट धक्का गृहीत धरतात. बाहेरची वीज गेली आणि ७२ तास परत आली नाही, असे मानतात. मग भट्टी बंद करून थंड ठेवण्याचे कमीत कमी दोन स्वतंत्र मार्ग आखतात आणि त्या मार्गांवरची प्रत्येक वस्तू यादीत घेतात : पंप, झडपा, टाक्या, पाइप, बॅटऱ्या, डिझेल जनरेटर, केबल ट्रे, पॅनेल. प्रत्येकीची खात्रीची क्षमता काढतात. अमुक त्वरणाला ती निकामी होण्याची शक्यता ५ टक्क्यांहून कमी आहे, आणि हे ९५ टक्के विश्वासाने सांगता येते, असा तो आकडा. एका मार्गाची क्षमता त्यातल्या सर्वांत कमकुवत वस्तूएवढी आणि प्रकल्पाची क्षमता दोन मार्गांपैकी सरस मार्गाएवढी. समजा, अणुभट्टीची इमारत ०.६ जीला टिकते, पंप ०.५ला, पण दोन्ही मार्गांना वीज देणारा बॅटरीचा रॅक ०.२२लाच पडतो. मग प्रकल्पाची क्षमता ०.२२ जी. जाड काँक्रीटचा घुमट टीव्हीवर दाखवून हा आकडा वर जात नाही.

खरे काम कागदावर होत नाही, जागेवर होते. टॉर्च, टेप आणि पाना घेऊन दोन-तीन जाणकार प्रत्येक वस्तूपाशी जातात. याला वॉकडाउन म्हणतात. बडोद्याच्या मकरपुरा औद्योगिक वसाहतीत पॅनेल आणि ट्रान्सफॉर्मर बनवणाऱ्यांना पुढचे उदाहरण लगेच पटेल.

८०० किलोचे कंट्रोल पॅनेल घ्या. उंची २.२ मीटर, खोली ०.८ मीटर, गुरुत्वमध्य १.१ मीटरवर. त्या मजल्यावर ०.६ जी आडवा आणि ०.४ जी उभा हिसका बसतो असे धरा. आडवे बल ४८०, ते पॅनेलला पुढे उलथवू पाहते : ४८० गुणिले १.१, म्हणजे ५२८ किलोग्रॅम-मीटर. वरच्या दिशेच्या हिसक्याने परिणामी वजन ४८० उरते. ते पुढच्या कडेभोवती ४८० गुणिले ०.४, म्हणजे १९२ने विरोध करते. उरलेले ३३६ बोल्टांनी पेलायचे. मागचे दोन बोल्ट पुढच्या कडेपासून ०.७ मीटरवर असतील, तर प्रत्येकावर २४० किलोचा ताण. नीट बसवलेला १२ मिलिमीटरचा एक्स्पान्शन बोल्ट तो सहज घेतो. पण पॅनेल भिंतीला टेकवून उभे केले आणि मागे हात जात नाही म्हणून बोल्ट फक्त पुढे मारले, तर पुढच्या कडेपासून त्यांचे अंतर ०.१ मीटरच उरते आणि ताण प्रत्येकी १६८० किलो होतो. तो बोल्ट काँक्रीटमधून उपटून येणार. ड्रॉइंगवर चारही बोल्ट असतात, हिशेबही बरोबर असतो. फक्त मागे बोल्ट नसतो. असे दोष जगभरच्या तपासण्यांत पुन्हा पुन्हा सापडलेले आहेत, आणि प्रत्यक्ष दार उघडून, आरसा धरून पाहिल्याशिवाय ते सापडत नाहीत.

बोल्ट असला तरी काम संपत नाही. नट पान्याने फिरतो का? बेसप्लेट आणि काँक्रीट यांत सहा मिलिमीटरहून जास्त फट आहे का? बोल्ट काँक्रीटच्या कडेच्या फार जवळ आहे का, भोवती तडा आहे का? बेस चॅनेलला नुसते टॅक वेल्ड आहे की पूर्ण? शेजारची दोन पॅनेल एकमेकांना जोडलेली नसतील तर ती आदळतात, आणि आदळली की आतल्या रिलेचे संपर्क थरथरतात. दोन मिलिसेकंद संपर्क तुटला तरी चाचणीत तो दोष धरतात, कारण तेवढ्यात चालू पंप बंद पडू शकतो किंवा ब्रेकर आपोआप उघडू शकतो. पॅनेल उभे राहिले आणि रिलेने दगा दिला, हे बाहेरून दिसतही नाही.

बॅटरीच्या रॅकमध्ये सेलांच्या मध्ये स्पेसर हवेत, बाजूला रेल हवी, रॅकला लांबीच्या दिशेनेही तिरके आधार हवेत. उभ्या टाक्यांत पाणी डुचमळते आणि तळाजवळचा पत्रा फुगून वळतो. बारीक पाइपवर उंच, जड मोटर असलेली झडप पाइपलाच वाकवते. वेल्ड केलेले पाइप सहसा हलण्याने तुटत नाहीत. दोन इमारती वेगवेगळ्या हलल्या की मधला ताठ पाइप तुटतो. डिझेल जनरेटरच्या स्प्रिंगांना स्टॉपर नसेल तर यंत्र जागेवरून सरकते. सुरक्षा-पॅनेलच्या शेजारी विटांची अर्ध्या विटेची भिंत असेल तर पॅनेल कितीही मजबूत असो, भिंत त्यावर कोसळते. कंट्रोल रूमचे फॉल्स सीलिंग, उघड्या हुकावर लटकवलेले ट्यूबलाइट, साखळी न लावलेले सिलिंडर यांची नोंदही यादीत हवी. आणि वार्षिक देखभालीनंतर पुन्हा पाहायला हवी, कारण विसरलेली परांची किंवा चाकांची ट्रॉली महिन्याभरात तीच पॅनेले धोक्यात आणते.

हे शब्दांपुरते नाही याची दोन उदाहरणे देतो. १६ जुलै २००७ रोजी जपानच्या काशिवाझाकी-कारिवा प्रकल्पाला ६.६ तीव्रतेचा भूकंप जवळून बसला. पहिल्या भट्टीच्या तळाशी ६८० गॅल नोंदले गेले, संकल्पन होते २७३ गॅलचे. ९८१ गॅल म्हणजे एक जी. चालू भट्ट्या आपोआप बंद झाल्या, इमारती टिकल्या. पण तिसऱ्या भट्टीबाहेरच्या ट्रान्सफॉर्मरला आग लागली. कारण ट्रान्सफॉर्मर आणि त्याला जोडलेला बसडक्ट (वीज वाहणाऱ्या जाड पट्ट्यांची बंद नळी) वेगवेगळ्या पायांवर होते, खालची भरावाची जमीन असमान खचली. विझवायला पाणीही नव्हते, कारण अग्निशमनाचे जमिनीतले पाइप त्याच खचण्यात तुटले होते. २३ ऑगस्ट २०११ रोजी अमेरिकेतल्या नॉर्थ ॲना प्रकल्पाला ५.८चा भूकंप संकल्पनापेक्षा जास्त जाणवला. बाहेरची वीज गेली, आणि चार डिझेल जनरेटरांपैकी एक शीतक गळून बंद पडला. दोन्हीकडे भट्टी धड राहिली. दोन्हीकडे कमकुवत ठरले ते तिच्याभोवतीचे.

काकरापारच्या बाबतीत कुंपणाबाहेरही पाहिले पाहिजे. वर उकाई धरण आहे, शेजारी प्रकल्पाला पाणी देणारा मोतीचेर तलाव. जून १९९४ मध्ये अतिवृष्टीत तलावाचे पाणी टर्बाइन इमारतीत शिरले होते. तेव्हा भूकंप नव्हता. भूकंपाने बांध खचला, दरवाजे अडकले, तर पाणी कुठल्या केबल ट्रेंचमधून कुठे पोचेल, हे भूकंपाच्या फेरमूल्यांकनातच तपासले पाहिजे. पुराचा अहवाल वेगळा आणि भूकंपाचा वेगळा, अशी वाटणी निसर्ग करत नाही.

आमची मागणी सरळ आहे. प्रकल्प चालवणाऱ्या न्यूक्लिअर पॉवर कॉर्पोरेशनने आणि नियामक मंडळाने काकरापारच्या चारही भट्ट्यांविषयी एक पानाचा, मराठी आणि गुजरातीतही, तक्ता प्रसिद्ध करावा. एस-२चे त्वरण जीमध्ये किती, स्पेक्ट्रम शेवटचा कधी तपासला, प्रकल्पाची खात्रीची क्षमता किती, ती कोणत्या वस्तूने ठरते, आणि शेवटच्या वॉकडाउनमध्ये किती दोष सापडले, त्यांतले किती दुरुस्त झाले. कोणत्या खोलीत कोणते पॅनेल, हे सुरक्षेच्या कारणाने गाळावे. तेवढे आम्हाला कळते. फुकुशिमानंतर देशातल्या प्रकल्पांसाठी भूकंपाची चाहूल लागताच भट्टी आपोआप बंद करणारी यंत्रणा आणि अग्निशमन गाडीने बाहेरून पाणी देण्याच्या जोडण्या यांची शिफारस झाली होती. त्या जोडण्यांपर्यंत पोचणारे रस्ते आणि पूल भूकंपानंतर उभे राहतील का, हे सुरत आणि तापी जिल्ह्यांच्या प्रशासनाने आपापल्या आपत्ती आराखड्यात लिहावे. पाण्याच्या गाड्या कुठून येणार आणि कुठल्या पुलावरून, पुलाचे नाव घालून.

आपले,
बडोद्यातील काही वाचक अभियंते,
दांडिया बाजार, बडोदे