१८९५ सालातल्या तारखा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

रविवार पुरवणीतील १८९५ सालावरचे पान वाचनीय होते, पण अशा पानात तारीख कशाची, हेही छापायला हवे. ‘१८९५ : क्ष-किरणांचा शोध’ एवढ्याने काहीच कळत नाही. जर्मन शास्त्रज्ञ राँटगेनला वुर्झबर्गच्या प्रयोगशाळेत ते किरण प्रथम जाणवले ८ नोव्हेंबरला. पत्नीच्या हाताची हाडे आणि बोटातली अंगठी दाखवणारे छायाचित्र २२ डिसेंबरचे. निबंध तिथल्या संस्थेकडे दिला २८ डिसेंबरला आणि वृत्तपत्रांतून बातमी फुटली १८९६ च्या जानेवारीत. चारही नोंदी खऱ्या, पण एकीची तारीख दुसरीला लावली की चूक. त्याच २८ डिसेंबरला पॅरिसच्या ग्रां काफेत ल्युमिएर बंधूंनी तिकीट लावून चलच्चित्रे दाखवली. त्यांचा पहिला खासगी खेळ मात्र मार्चमध्येच झाला होता, म्हणून ‘पहिला’ लिहिताना ‘तिकीट लावून’ हे शब्द गाळू नयेत. नोबेलचेही तसेच. मृत्युपत्रावर सही २७ नोव्हेंबर १८९५ ची, मृत्यू १० डिसेंबर १८९६ चा, पहिली पारितोषिके १९०१ ची (भौतिकीचे राँटगेनलाच). १८९५ मध्ये ‘नोबेल पारितोषिके सुरू झाली’ हे सरळ चूक.

निधनाच्या नोंदींत घोळ होतो तो पंचांगाचा. रशियात तेव्हा जुने (ज्युलियन) पंचांग होते. एकोणिसाव्या शतकातल्या तारखेत १२ दिवस मिळवायचे, १३ नव्हे. तेरा विसाव्या शतकासाठी. लेखक लेस्कोव्ह जुन्या हिशेबाने २१ फेब्रुवारीला वारले, म्हणजे आपल्या ५ मार्चला. मराठी साधनांत शक असेल तर पाडव्यापासून डिसेंबरअखेर ७८ मिळवावेत, पण १ जानेवारीपासून पुढच्या पाडव्यापर्यंत ७९. शके १८१७ चा माघ १८९६ मध्ये पडतो, १८९५ मध्ये नव्हे.

पाश्चर २८ सप्टेंबरला गेले ते पॅरिसमध्ये नव्हे, शहराबाहेर मार्न-ला-कोकेतला. मार्क्सचे सहकारी एंगेल्स लंडनला, ५ ऑगस्टला. आगरकर १७ जूनला गेले तेव्हा त्यांना ३९ वे वर्ष चालू होते. जन्म १४ जुलै १८५६ चा, म्हणजे पुरी झालेली वर्षे ३८. ‘३९ व्या वर्षी’ आणि ‘३९ वर्षांचे’ यांत फरक आहे, आणि मृत्युलेखांत तो नेमका पुसला जातो.

पानावर गोवा कुठेच नव्हता, हे खटकले. सप्टेंबर १८९५ मध्ये मोझांबिकला जाण्याचा हुकूम पोर्तुगीज फौजेतल्या मराठा शिपायांनी धुडकावला, सत्तरी तालुक्यातले राणे त्यांना मिळाले आणि बंड मोडायला लिस्बनहून पोर्तुगालच्या राजाचा भाऊ आफोन्सो फौजेसह आला. हे बंड दादा राण्यांचे. दिपाजी राण्यांचे बंड १८५२ चे. दोघांची गल्लत वारंवार छापली जाते. बातमीची तारीख काढताना आणखी एक पाहावे. गोव्यात पोर्तुगीज दैनिक निघाले ते १९०० मध्ये, ‘ओ एराल्दो’. पणजीच्या कृष्णदास शामा ग्रंथालयात त्याआधीचे साप्ताहिक चाळत असाल, तर पहिल्या पानावरची तारीख अंकाची असते. घटना कधीची, ते मजकुरात वार आणि महिना शोधूनच ठरवावे लागते.

आपला,
एक वाचक, वाळपई