शेंट्रिंग, मारतूल आणि मिस्त्रींचं बिल

रेवदंडा, रविवार रात्र

प्रिय दिग्या,

तुझा मेसेज परवाच बघितला, पण मोबाईलवर दोन ओळींत उत्तर देववेना म्हणून आज जेवणं झाल्यावर सरळ पत्रच टाइप करायला बसलोय, लांबलं तर लांबू दे. मी तुला आमच्या घराच्या बांधकामाच्या, मिस्त्रींनी दिलेल्या बिलाचा फोटो पाठवला होता तो रेट बरोबर लावलेत का हे बघायला, तू इंजिनियर माणूस म्हणून. तू रेट राहिले बाजूला आणि 'शिमिट', 'गडर', 'वायसर' (म्हणजे सिमेंट, गर्डर, वॉशर) आणि 'शेंट्रिंग' यांना लाल गोल करून हसणारी तोंडं पाठवलीस. रागावलो नाही रे, पण लागलं थोडं. दोन दिवस डोक्यात तेच घोळतंय.

मिस्त्री चौथी शिकलेत. कानावर पडलं ते पेन्सिलीने वहीच्या पानावर उतरवतात, आणि हिशोबात एका रुपयाची चूक नसते. आणि खरं सांगू का, ते गोल बघून मला आपल्या वर्गातला तो वाडीवरचा मुलगा आठवला. "यष्टी चुकली म्हणून उशीर झाला" एवढंच म्हणाला होता, तर सरांनी त्याला बाकावर उभं करून दहा वेळा 'एसटी' म्हणायला लावलं, आठवतं? सगळा वर्ग हसला. मीही हसलो, तूही हसलास. त्यानंतर वर्षभर तो वर्गात तोंड उघडायचा नाही, हे मला खूप नंतर जाणवलं आणि अजून टोचतं.

तर आता तुझ्या गोलांकडे येतो. पहिलं शेंट्रिंग. तू बाजूला 'शटरिंग' असं दुरुस्त करून लिहिलंयस, पण ती चूक नाहीचे दिग्या. जुने इंग्रज इंजिनियर कमान बांधताना ती पक्की होईपर्यंत खालून जो लाकडी सांगाडा द्यायचे त्याला सेंटरिंगच म्हणायचे. पुढे कमानी गेल्या, काँक्रीटच्या स्लॅबी आल्या, खालच्या आधाराचं काम तेच राहिलं आणि कामगारांनी त्या कामाचं नावही तेच ठेवलं, फक्त स चा श झाला. म्हणजे शब्द मिस्त्रींनी जपलाय आणि चुकीचा ठरवला आपण.

मग मी सगळं बिलच नीट वाचायला घेतलं. तू ज्याला गोल केला नाहीस ते शब्द बघ. घमेली सहा, मारतूल एक, बिजागऱ्या बारा, पिंप दोन, चावी, आणि खाली 'मिस्त्री पगार'. हे सगळे तुला शुद्ध मराठी वाटले ना? एकूण एक पोर्तुगीज! घमेलं म्हणजे गामेला, त्यांच्याकडची लाकडाची कोरीव परात. बिजागरी म्हणजे बिसाग्रा. पिंप म्हणजे पीपा, मोठं लाकडी पीप, त्यात आपण मधे एक अनुस्वार सारला. चावी म्हणजे शाव्ह, लिहिताना च-ह. मिस्त्री म्हणजे मेस्त्र, उस्ताद. पगार तर त्यांच्याकडे नाम पण नाही, 'पैसे देणे' असं क्रियापद आहे, आपल्या माणसाने महिन्याच्या शेवटी तो शब्द ऐकला आणि हातात पडलेल्या पैशालाच ते नाव देऊन टाकलं. किती सरळ! मारतूल माझा लाडका. मूळ मार्तेलू, म्हणजे हातोडा. आपल्या लोकांना त्यात 'मार' ऐकू आला, हातोड्याचं काम मारायचंच, मग शब्द बसला तो कायमचा.

तुरुंग पण त्यातलाच. मूळ त्रोंकू, म्हणजे झाडाचा बुंधा, आणि त्यावरून कैद्याचे पाय अडकवायचा लाकडी खोडा, आणि त्यावरून कैदखाना. आता त्र चं जोडाक्षर आपल्या जिभेला सुरुवातीलाच जड गेलं म्हणून ते फोडून तुरु केलं. पिलास आणि टरक म्हणणारा ड्रायव्हर नेमकं हेच करतो की! प्लायर फोडून पिलास, ट्रक फोडून टरक. जीभ तीच, खोडी तीच, फक्त तुरुंगाला काही शतकं झाली म्हणून तो पुस्तकात आणि कोर्टाच्या कागदात जाऊन बसला, आणि टरकला अजून दाराबाहेर उभं केलंय आपण.

आणि हे आपल्याच लोकांचं असतं असं समजू नकोस. खेड्यातली माणसं इस्कूल, इस्टँड, इस्टो म्हणतात म्हणून हसतात ना लोक, पुढे इ लावतात म्हणून. अरे, लॅटिन बोलणारी साधी माणसं नेमकं हेच करायची, स्कोला म्हणता येईना म्हणून पुढे इ लावून इस्कोला म्हणायची, आणि त्यातूनच स्पॅनिशमध्ये शाळेला एस्क्वेला झालं, फ्रेंचमध्ये तर पुढे स पण गळून एकोल राहिलं. आज फ्रेंच शिकायला आपण हजारो रुपये फी भरतो आणि तिथला तो इ अगदी जपून उच्चारतो.

संत्र्याचं तर याहून मजेदार आहे. आपल्याकडचा नारंग, तो पण बहुतेक द्राविडी भाषांतून संस्कृतमध्ये आलेला, इराणात नारंग, अरबांकडे नारंज, तिथून स्पेनमध्ये नारांहा. इटलीत 'उना नारांचा' म्हणता म्हणता तो न आधीच्या शब्दाला चिकटला आणि फळ राहिलं नुसतं अरांचा. तिथून ते पुढे ऑरेंज. इंग्रजांनी त्यांच्या स्वतःच्या घरात पण असंच केलंय, आधी नॅप्रन होता, 'अ नॅप्रन' चं 'ॲन एप्रन' झालं आणि शेवटी तेच डिक्शनरीत आलं. कुणी त्या इंग्रज बाईला बाकावर उभं केलं नाही.

आता मुंगूस घे, आपलं मराठी मुंगूस. इंग्रजांनी ते उचललं आणि आधी वाट्टेल तसं लिहिलं, मग त्यांना शेवटी बदकाचा भाऊ हंस ऐकू आला, म्हणजे त्यांचा 'गूस', आणि तसंच स्पेलिंग पक्कं झालं. त्या प्राण्याचा हंसाशी काडीचा संबंध नाही! आणि अनेकवचन करताना मात्र 'गीज' होत नाही, मुंगुसाला ते 'मंगूसेस' म्हणतात, म्हणजे आतून कुठेतरी त्यांना माहीत आहे की हा पाहुणा आहे. मला हे कळलं तेव्हा इतका आनंद झाला होता की रात्री बायकोला उठवून सांगितलं.

आणि 1886 मध्ये यूल आणि बर्नेल या दोघांनी इंग्रजीत घुसलेल्या आपल्याकडच्या शब्दांचा जो जाडजूड कोश काढला त्याचं नावच 'हॉब्सन-जॉब्सन' आहे. मोहरममध्ये लोक 'या हसन, या हुसेन' म्हणून शोक करायचे, ते गोऱ्या सोजिरांच्या कानाला असं ऐकू आलं, दोन इंग्रज आडनावांसारखं. एवढ्या विद्वान माणसांनी तो अपभ्रंश पुसला नाही, कोशाच्या कपाळावर लावला. आपल्याकडे असाच मोठा माणूस म्हणजे दालगादो, गोव्यातल्या बार्देशमधल्या आसगावचे पाद्री, संस्कृतचे पंडित. 1913 मध्ये त्यांनी आशियातल्या पन्नासेक भाषांत पोर्तुगीज शब्द कुठे कुठे आणि कसे रुजले याचा ग्रंथ काढला. कुठला शब्द कुणी 'बिघडवला' म्हणून ते नाक मुरडत नाहीत, कुणी कसा घेतला ते नोंदवतात फक्त. मला तशी नजर हवी वाटते.

बरं, आपले आंबे बघ. अफोंसू या पोर्तुगीज नावाचा आफूस आणि आफूसचा हापूस, पुढचा ह आपल्या कोकणचा. गोव्यात मानकुराद, तो मूळ मालकोरादा, म्हणजे रंग नीट न चढलेली. नावात कमीपणा होता तो लोकांनी बोलून बोलून घालवला आणि आज त्यात 'मान' आलाय. आणि बटाटा! हा शब्द कॅरिबियन बेटांवरच्या ताईनो लोकांचा, आणि तो खरा रताळ्याचा. बटाट्याला पेरूकडे पापा म्हणायचे. युरोपात जाता जाता दोन्ही कंदांची नावं एकमेकांत मिसळली, इंग्रजांचा पोटॅटो झाला, पोर्तुगीजांनी बटाटा इथे आणला, आणि एवढी गफलत पोटात घेऊन तो आपल्या वड्यात येऊन बसला. आता त्या वड्याला कोण अशुद्ध म्हणेल?

काल संध्याकाळी कामं आटपल्यावर खाडीच्या कडेला जाऊन बसलो होतो. समोर कोर्लई. इकडे चौल-रेवदंड्यात पोर्तुगीज दोनशेहून जास्त वर्षं होते, 1740 मध्ये हा मुलूख मराठ्यांकडे आला आणि ते गेले, पण कोर्लईत काही घरांत अजून त्यांच्या भाषेतून झालेली बोली बोलतात, 'नौ लिंग' म्हणतात तिला, म्हणजे आमची भाषा. शब्द बरेचसे पोर्तुगीज, पण क्रियापद आता मराठीसारखं वाक्याच्या शेवटी येतं. म्हणजे आपण त्यांचे शब्द घेतले आणि त्यांनी आपली वाक्याची चाल घेतली. एका खाडीच्या दोन काठांवर! मी बराच वेळ तिकडेच बघत बसलो होतो.

तू म्हणशील मग भाषाशुद्धी चूक का. तसं नाही रे. शिवाजी महाराजांनी फारसी शब्दांना पर्याय म्हणून राज्यव्यवहारकोश करवून घेतला त्यामागे राज्य आपलं असल्याची जाणीव होती, आणि सावरकरांचे महापौर, हुतात्मा हे शब्द मी रोज वापरतो, छान आहेत. पण कचेरीचा शब्द ठरवून बदलता येतो, घमेल्याचा नाही, तिथे पाटी उचलणारा ठरवतो. आणि मला भीती वेगळीच वाटते. पूर्वी परका शब्द आला की लोक त्याला बिनधास्त हाताळायचे, मोडायचे, घासायचे, म्हणून त्याला आपलं लिंग, आपलं अनेकवचन मिळायचं, बिजागरीच्या बिजागऱ्या व्हायच्या. आता हसतील म्हणून कोणी हात लावत नाही. शब्द जसाच्या तसा कडक राहतो, पाहुण्यांच्या कपबशीसारखा कपाटात, आणि ज्याला तो नीट म्हणता येत नाही तो गप्प बसतो. वर्गातल्या त्या मुलासारखा.

एक सांगायचं राहिलं, आणि त्यासाठीच खरं तर आज लिहायला बसलो. मिस्त्रींचा मुलगा आयटीआय करून आलाय, गुणी पोरगा आहे. त्याला वडिलांच्या त्या पेन्सिलीच्या बिलांची लाज वाटते, त्याने या आठवड्याचं बिल मोबाईलच्या ॲपमध्ये केलं, सगळं इंग्रजीत, वर लोगो वगैरे, आणि अलिबागहून प्रिंट काढून आणली. सकाळी मिस्त्री तो कागद घेऊन ओट्यावर आले, जरा वेळ उलटसुलट केला आणि माझ्या हातात देत म्हणाले, "भाऊ, जरा वाचून दाखवा, यात बिजागऱ्या किती धरल्यात त्याने?" तीस वर्षं जो माणूस स्वतःची बिलं स्वतः लिहितोय त्याला स्वतःचं बिल वाचता येईना. मी वाचून दाखवलं. बारा धरल्या होत्या, लागल्या होत्या चौदा. त्यांनी खिशातली पेन्सिल काढून त्या इंग्रजी आकड्याच्या शेजारी मराठीत '१४ बिजाग्री' लिहिलं, तेव्हा त्यांना बरं वाटलं.

जुनं पेन्सिलीचं बिल मी घराच्या कागदांच्या फाईलला लावून ठेवलंय. तेवढे रेट मात्र बघून सांग, शेंट्रिंगचा फूटाचा भाव मला थोडा जास्त वाटतोय पण इकडे प्लेटा अलिबागहून येतात, टरकचं भाडं त्यातच धरलंय. पावसाच्या आत स्लॅब पडला पाहिजे. वास्तुशांतीला वहिनींना आणि पोरांना घेऊन दोन दिवस आधीच ये, मिस्त्रींशी तुझी गाठ घालून द्यायचीये. पनवेलहून थेट रेवदंड्याची यष्टी नाही मिळाली तर अलिबागला उतर, मी न्यायला येतो.

तुझाच,
नाना